राजाचा चितारी : हान्स होल्बाइन

१५३८ सालच्या मार्च महिन्यातील १२ तारीख. ब्रसेल्स शहरातील एका दालनात दुपारी एकच्या सुमारास सोळा वर्षांची एक तरुणी काळ्या वस्त्रांत आली. ती डेन्मार्कची राजकन्या क्रिस्तिना होती. तिचा पती, मिलानचा ड्यूक, सुमारे अडीच वर्षांपूर्वी वारला होता आणि ती अजून वैधव्याचा वेष पाळीत होती. सम्राट पाचवा चार्ल्स हा तिचा मामा. दालनात चाळिशीचा एक चित्रकार कागद आणि खडू घेऊन तिची वाट पाहत होता. त्याला तीन तास मिळाले. चार वाजता त्याने आपले साहित्य आवरले, आणि थोड्याच दिवसांत तो लंडनला परतला.

या तीन तासांवर एका राज्याचे राजकारण अवलंबून होते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची तिसरी राणी जेन सीमूर पाच महिन्यांपूर्वी पुत्राला जन्म देऊन मरण पावली होती. राजाला चौथी राणी हवी होती, आणि ती युरोपातील एखाद्या बलाढ्य घराण्यातील असावी असे त्याच्या मंत्र्यांना वाटत होते. छायाचित्र ही वस्तू जगात यायला अजून तीनशे वर्षे होती. वधूचा चेहरा सागरापलीकडच्या वराला दाखवायचा, तर चितारी हाच एक उपाय. ब्रसेल्समधील इंग्रज वकिलाने दुसऱ्या एका चित्रकाराकडून काढविलेले क्रिस्तिनाचे चित्र लंडनला रवानाही केले होते. परंतु राजाचा स्वतःचा चितारी येऊन पोहोचताच त्याने मागोमाग माणूस धाडून ते परत आणविले. या चिताऱ्याच्या कामापुढे ते फिके पडेल, याची त्याला खात्री होती. लंडनला चित्र पाहून हेन्रीची कळी खुलली आणि त्याने दिवसभर गाणेबजावणे चालू ठेवले, असे सम्राटाच्या वकिलाने लिहून ठेविले आहे.

या चिताऱ्याचे नाव हान्स होल्बाइन. त्याच नावाच्या पित्यापासून वेगळा ओळखता यावा म्हणून इतिहास त्याला धाकटा होल्बाइन म्हणतो. सोळाव्या शतकातील इंग्लंडचा राजदरबार आज ज्या चेहऱ्यांनी आपल्या मनात उभा राहतो, ते बहुतेक सारे चेहरे या एका परदेशी माणसाच्या हातचे आहेत. आठवा हेन्री म्हटला की दोन्ही पाय फाकून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली जी आडवीतिडवी मूर्ती डोळ्यांपुढे येते, तीही मुळात त्याचीच. एका माणसाने तीन तासांत एवढे टिपावे तरी कसे, आणि टिपलेले सत्य राजाच्या पदरी राहून जपावे तरी कसे, या दोन प्रश्नांत त्याच्या आयुष्याचे आणि कलेचे मर्म सापडते.

होल्बाइनचा जन्म १४९७ किंवा १४९८ साली दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्ग या संपन्न व्यापारी नगरात झाला. घरात चित्रकला पिढीजात होती. बाप नामांकित चित्रकार, चुलता चित्रकार, थोरला भाऊ आम्ब्रोसियुस हाही त्याच मार्गाचा. १५११ साली बापाने आपल्या या दोन मुलांचे चेहरे एकाच कागदावर शेजारी शेजारी रेखाटले, त्यांची नावे लिहिली, आणि धाकट्या हान्सपाशी १४ हा वयाचा आकडा घातला. हे रेखाटन आज बर्लिनमध्ये आहे. ते रुप्याच्या लेखणीने केलेले आहे. या पद्धतीत कागदावर आधी हाडांची राख व सरस यांसारख्या द्रव्यांचा पातळ थर चढवितात आणि मग रुप्याच्या टोकदार काडीने त्यावर रेघ ओढतात. धातूचा अतिसूक्ष्म अंश थरावर घासला जाऊन करडी रेघ उमटते, ती पुढे काळाबरोबर तपकिरी होते. ही रेघ पुसता येत नाही. चुकली की चुकली. हात उचलण्यापूर्वी डोळ्याने निर्णय केलेला असावा, हा धडा होल्बाइनला बापाच्या घरीच मिळाला.

१५१५ च्या सुमारास दोघे भाऊ राइन नदीकाठच्या बाझल नगरात आले. छापखान्यांमुळे आणि विद्यापीठामुळे हे नगर त्या काळी विद्वानांचे माहेरघर बनले होते. ग्रंथांसाठी सजावटीची आणि चित्रांची सतत गरज असे. इरॅस्मस या थोर मानवतावादी पंडिताच्या ‘मूर्खपणाची स्तुती’ या ग्रंथाच्या एका प्रतीच्या समासांत होल्बाइनने पेनाने खट्याळ चित्रे काढली, ती आजही जपलेली आहेत. तेव्हा तो अठरा वर्षांचाही असेल-नसेल. १५१९ साली तो चित्रकारांच्या संघात दाखल झाला, एल्सबेथ नावाच्या एका चांभारी कातडे कमावणाऱ्या कारागिराच्या विधवेशी त्याने लग्न केले, आणि पुढच्या वर्षी तो बाझलचा नागरिक झाला. घरांच्या दर्शनी भिंती रंगविणे, काचचित्रांचे नमुने करणे, चर्चमधील वेदीची चित्रे, लाकडी ठशांसाठी रेखाटने अशी नाना कामे त्याने केली. मृत्यू राजापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना कसा हात धरून नेतो हे दाखविणारी त्याची लहान लहान ठशांची मालिका १५३८ साली लियाँ येथे छापली गेली आणि युरोपभर गाजली.

परंतु काळ पालटला होता. धर्मसुधारणेच्या लाटेने बाझल हादरले. प्रतिमापूजा पाप मानली जाऊ लागली, आणि वेदीची चित्रे काढविणारे यजमान नाहीसे होऊ लागले. १५२९ च्या फेब्रुवारीत तर जमावाने चर्चांत शिरून मूर्ती आणि चित्रे फोडली, जाळली. त्यापूर्वीच, १५२६ साली, होल्बाइन पोटासाठी बाहेर पडला. इरॅस्मसने अँटवर्पच्या मित्राला पत्र देऊन कळविले, की इकडे कला गारठून गेल्या आहेत आणि हा गृहस्थ चार सोन्याची नाणी गोळा करायला इंग्लंडला निघाला आहे. लंडनमध्ये त्याला आधार दिला तो इरॅस्मसचा जिवलग स्नेही सर टॉमस मोर याने. मोरनेही उत्तरी लिहिले, की तुमचा चितारी विलक्षण आहे, पण इंग्लंडची भूमी त्याला वाटते तितकी सुपीक ठरेल की नाही याची धास्ती वाटते.

ती भूमी मोरच्याच घरी प्रथम फळली. मोर, त्याची पत्नी, वृद्ध पिता, मुलगा, मुली, सून असे सारे कुटुंब एका मोठ्या चित्रात होल्बाइनने एकत्र आणले. मूळ चित्र पुढे १७५२ साली आगीत नष्ट झाले. परंतु त्याचे पेनाने केलेले पूर्वरेखाटन बाझलला सुरक्षित आहे. त्यावर राजज्योतिषी क्रात्सर याने प्रत्येकाचे नाव व वय लिहिले, आणि होल्बाइनने स्वतःसाठी दोन टाचणे केली. गुडघे टेकलेल्या गृहिणीपाशी त्याने लिहिले, की ही बसलेली हवी. भिंतीवर एक वाद्य टांगलेले होते, त्याच्याजवळ लिहिले, की ही वाद्ये फळीवर असावीत. घरातल्या माणसांनी चित्र पाहिले, दुरुस्त्या सुचविल्या आणि चिताऱ्याने त्या निमूटपणे टिपल्या, असा तो प्रसंग त्या दोन ओळींतून जिवंत होतो. हे रेखाटन होल्बाइनने परत जाताना इरॅस्मससाठी नेले. १५२९ साली वृद्ध इरॅस्मसने मोरच्या मुलीला लिहिले, की त्या कागदावर त्याला सारी मंडळी जणू प्रत्यक्ष भेटली.

होल्बाइनची रेखाटनाची रीत कळते ती मुख्यतः इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहातील पानांवरून. ही ऐंशीहून अधिक पाने आहेत. ती विक्रीसाठी केलेली नव्हती, की भिंतीवर लावण्यासाठीही नव्हती. सुताराची फूटपट्टी किंवा शिंप्याचा मापाचा कागद जसा, तशीच ती कारखान्यातील साधने होती. बैठक संपली की चेहरा घेऊन घरी जायचे, आणि मग माणूस समोर नसताना तैलचित्र पुरे करायचे, यासाठी ती केलेली.

आरंभीची पाने पांढऱ्या साध्या कागदावरची आणि आकाराने मोठी आहेत. त्यांवर काळा, तांबडा, तपकिरी, पिवळा अशा खडूंनी काम केलेले आहे. हे रंगीत खडूंचे तंत्र रुप्याच्या लेखणीहून निराळे. १५२४ च्या सुमारास होल्बाइन फ्रान्समध्ये जाऊन आला होता, आणि तेथील दरबारी चित्रकार खडूंनी चेहरे रेखाटीत असत. त्या प्रवासातच त्याने हे तंत्र उचलले असावे, असे अभ्यासक मानतात. गेरूच्या जातीच्या तांबड्या खडूने गाल, ओठ, नाकाचा शेंडा यांवर कातडीचा रंग येतो. काळ्या खडूने केस, भुवया आणि वस्त्रांच्या कडा साधतात. खडू मऊ असतो. बोटाने चोळला की त्याची छाया पसरते, आणि टोकाने ओढला की त्याचीच रेषा होते. थोड्या वेळात पुष्कळ सांगणारे हे साधन आहे.

१५३२ साली तो इंग्लंडला कायमच्या वास्तव्यासाठी परतला, त्यानंतर ही रीत त्याने आणखी आटोपशीर केली. पाने लहान झाली, आणि कागदावर आधीच फिकट गुलाबी रंगाचा हात दिलेला असे. यामागचा हिशेब व्यवहारी होता. कागद मुळातच त्वचेच्या रंगाचा असला की चेहऱ्याचा अर्धा रंग बैठकीपूर्वीच भरून ठेवल्यासारखा होतो. मग कपाळ कागदालाच सोपवून द्यावे, गालाखाली खडूची एक पुसट छाया द्यावी, आणि वेळ राखून ठेवावा तो डोळे, नाकपुड्या व ओठ यांसाठी. दरबारी माणसे फार वेळ स्वस्थ बसत नाहीत. या गुलाबी कागदाने त्यांची घाई पोटात घातली.

कामाचा क्रम पानांवरून वाचता येतो. प्रथम खडूच्या पुसट रेषांनी डोक्याचा घाट ठरवावयाचा. मग चेहऱ्याच्या आतील भागांचे काम. आणि अखेर पेनाने किंवा बारीक कुंचल्याने शाईची रेघ, तीही सर्वत्र नव्हे. वरच्या पापणीची कड, दोन ओठांमधील फट, नाकपुडीचे वळण, दाढीचे चार केस, जबड्याची बाहेरची सीमा, एवढ्याच जागी ती येते. ही रेषा कुठे जाड आणि कुठे केसाएवढी होते, हे पाहण्यासारखे आहे. हनुवटीखाली सावली आहे, तर रेषा तेथे दाबून जाते; गालावर उजेड आहे, तर ती जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे छायेचा फारसा पसारा न करता केवळ कडेच्या रेषेतून डोक्याची गोलाई जाणवते. काही पानांवरील ठळक रेषा पुढे दुसऱ्या कुणी गिरविल्या असाव्यात, अशीही शंका जाणकारांनी घेतली आहे. छायेसाठी ओढलेल्या तिरक्या रेघांची दिशा पाहून होल्बाइन डावखुरा असावा, असे अनेकांचे मत आहे.

चेहरा असा पुरा झाला की बाकीचे सारे थोडक्यात. खांद्यांवरून वस्त्राच्या दोन-चार रेषा, गळ्यातील साखळीचा एखादाच दुवा, टोपीवरील पिसाची सूचना. तपशील तो शब्दांनी लिहून ठेवी. मखमल, साटन, डमास्क, तांबडा, काळा अशी जर्मन भाषेतील टाचणे, कधी नुसती आद्याक्षरे, पानांच्या कडेने आढळतात. एखाद्या दागिन्याचे नक्षीकाम कोपऱ्यात वेगळे काढून ठेवलेले असते. वस्त्रे आणि दागिने पुढे चित्रशाळेत मागविता येत. हात दुसऱ्या कुणाचे पाहूनही काढता येत. मागविता येत नसे तो फक्त चेहरा. म्हणून तेवढाच त्याने पूर्णपणे नेला.

आता हा कागदावरचा चेहरा फळीवर उतरवावयाचा. होल्बाइन बहुधा ओक लाकडाच्या फळीवर, तिला गुळगुळीत लेप देऊन, तैलरंगांनी चित्र काढी. रेखाटनातील मुद्रा आणि चित्रातील मुद्रा यांची मापे घेतली तर ती पुष्कळदा तंतोतंत जुळतात. याचा अर्थ तो चेहरा नव्याने काढीत नसे, उतरवून घेई. कधी रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवावयाची, म्हणजे खालच्या पृष्ठावर टिंबांची रांग उमटते. मोरच्या विंडसर येथील दोन रेखाटनांपैकी एकावर अशी टोचणी आहे. कशिद्याचा नमुना कापडावर उतरविणाऱ्या आपल्याकडील कारागिरांना ही युक्ती परकी वाटणार नाही. मोगल चित्रशाळांतही हरणाच्या पातळ कातड्यावर टोचलेल्या ‘चरब्या’वरून आकृती अशाच उतरवीत. दुसरी पद्धत अशी, की रेखाटन व फळी यांच्यामध्ये काळी पूड चोळलेला कागद ठेवावा आणि वरच्या रेषांवरून बोथट काडी दाबून फिरवावी. बऱ्याच पानांवर अशा दाबाच्या खुणा दिसतात. अवरक्त किरणांनी तैलचित्रांच्या पोटात पाहता येऊ लागले, तेव्हा रंगांखाली हीच उतरविलेली रेषा आढळून आली.

इतकी अचूकता पाहून एक वाद उपस्थित झाला आहे. होल्बाइन मुळात बैठकीच्या वेळीच काचेसारखे काही उपकरण वापरीत असेल काय? समोर काचेची तबकडी उभी करून, डोळा एका जागी स्थिर ठेवून काचेवर दिसेल तसा चेहरा गिरवावयाचा, ही युक्ती आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ सालच्या आपल्या ग्रंथात चित्रासह छापली होती. विंडसर संग्रहाची १९४५ साली सूची करणाऱ्या पार्कर यांनी ही शक्यता मांडली. पुढे २००१ साली इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी भिंगे व आरसे यांची कल्पना पुढे करून वाद आणखी पेटविला. सर्वांना ती पटलेली नाही. तथापि असे उपकरण त्याच्यापाशी होते असे धरले, तरी त्याने काय साधले असते? काच नाकाची लांबी सांगेल, दोन डोळ्यांतले अंतर सांगेल. पण कोणत्या पापणीवर शाईची रेघ द्यावी आणि कोणता गाल कोराच सोडावा, हे काच सांगत नाही. तो निर्णय त्याचाच होता.

या निर्णयशक्तीच्या बळावर तो दरबारात चढला. दुसऱ्या मुक्कामात प्रथम लंडनमधील जर्मन व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून चित्रे काढविली. १५३३ साली त्याने दोन फ्रेंच वकिलांचे ते प्रसिद्ध भव्य चित्र केले. त्यात पृथ्वीचे गोल, वाद्ये, यंत्रे यांच्यापुढे जमिनीवर एक तिरपट आकृती पडलेली दिसते, आणि बाजूने पाहिले की ती मानवी कवटी होते. १५३६ पर्यंत तो राजाचा चितारी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचे वेतन वर्षाला ३० पौंड होते. या वेतनात केवळ चित्रे येत नसत. दागिने, सोन्याचे पेले, पोशाख, समारंभाची सजावट, सर्वांचे नमुने त्यानेच करावयाचे. दरबारातील ल्यूकस या फ्लेमिश कारागिरापासून तो चिमुकली व्यक्तिचित्रेही शिकला. जेन स्मॉल नावाच्या स्त्रीचे, सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाचे चित्र त्याने चर्मपत्रावर काढले आणि ते पत्त्यांच्या डावातील एका पानावर चिकटविलेले आहे. पुढे निकोलस हिल्यर्ड या इंग्रज लघुचित्रकाराने आपण होल्बाइनचीच रीत अनुसरली, असे लिहून ठेवले. हिल्यर्डच्या शिष्यांच्या पिढीत हीच कला हिंदुस्थानात येऊन पोहोचली. १६१६ साली अजमेरला इंग्रज वकील सर टॉमस रो याने जहांगीर बादशहाला असे एक इंग्रजी लघुचित्र दाखविले. बादशहाच्या चिताऱ्याने त्याच्या पाच नकला केल्या, आणि दिव्याच्या उजेडात मूळ कोणते ते ओळखताना वकिलाची तारांबळ उडाली.

पण राजाच्या चाकरीत रेषेवर दुसऱ्या कुणाची तरी सत्ता चालते. १५३७ साली व्हाइटहॉल राजवाड्यातील भिंतीसाठी होल्बाइनने हेन्री, त्याचे मातापिता आणि राणी जेन यांचे प्रचंड चित्र केले. मूळ भित्तिचित्र १६९८ च्या आगीत जळाले, परंतु त्याच्या डाव्या भागाचा, त्याच मापाचा कागदी आराखडा लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रालयात आहे. या आराखड्यात राजाचे तोंड किंचित वळलेले आहे, जसे एखाद्या माणसाचे असते. भिंतीवर उतरताना मात्र ते पूर्ण सामोरे झाले, असे १६६७ साली केलेल्या नकलेवरून कळते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत थेट रोखलेले ते तोंड माणसाचे कमी आणि सत्तेचे अधिक आहे. हा बदल राजाने सुचविला की चिताऱ्याने आपण होऊन केला, हे कागद सांगत नाही. पण दोन्ही तोंडांतील अंतर उघड आहे.

त्याच प्रश्नाची कसोटी १५३९ साली लागली. क्रिस्तिनाशी विवाहाची बोलणी फिसकटली होती. आपल्याला दोन डोकी असती तर एक इंग्लंडच्या राजाला दिले असते, असे ती म्हणाल्याची कथा फार प्रसिद्ध आहे, परंतु ती नंतरच्या काळातील आहे. आता मंत्री टॉमस क्रॉमवेल याने जर्मनीतील क्लीव्ह्ज संस्थानाच्या राजकन्येचे स्थळ पुढे केले. होल्बाइन ऑगस्टमध्ये ड्यूरेन येथे गेला आणि त्याने अॅन व तिची धाकटी बहीण या दोघींची चित्रे काढली. ती हुबेहूब असल्याचे तेथील इंग्रज वकिलाने राजाला कळविले. अॅनचे हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नेहमीच्या फळीऐवजी ते चर्मपत्रावर केलेले आहे, कदाचित प्रवासाच्या सोईसाठी. त्यात तिचे तोंड अगदी सामोरे, दोन्ही बाजूंनी सारखे, शांत आहे. आणि पोशाखावरील मोत्यांचे व जरीचे काम मात्र विलक्षण बारकाईने केलेले आहे. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून वस्त्राकडे पुन्हा पुन्हा घसरते. चिताऱ्याने खोटे काहीच सांगितले नाही. पण सामोऱ्या तोंडात नाकाची बाजू दिसत नाही, आणि मनुष्याची लकब तर मुळीच दिसत नाही. त्याने सारे सांगितले होते काय?

१५४० च्या पहिल्या दिवशी हेन्रीने अॅनला प्रत्यक्ष पाहिले आणि तो निराश झाला. तरी ६ जानेवारीला विवाह झाला, आणि जुलैत तो रद्द ठरला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला. कारणे अनेक होती, हे लग्न त्यांपैकी एक. राजाने चिताऱ्याला दोष दिल्याची नोंद नाही. त्याचे वेतन चालू राहिले.

क्रॉमवेल हा काही पहिला नव्हता. ज्या टॉमस मोरने होल्बाइनला घरात घेतले, त्याचे मस्तक १५३५ च्या जुलैत धडावेगळे झाले. राजाला धर्मसत्तेचा अधिपती मानण्यास त्याने नकार दिला होता. बिशप जॉन फिशर त्याच्या दोन आठवडे आधी गेला. कवी असलेला सरेचा अर्ल १५४७ साली गेला. या साऱ्यांचे चेहरे होल्बाइनच्या पानांवर आहेत. फिशरच्या खोल गेलेल्या गालांवर, मोरच्या थकलेल्या डोळ्यांवर त्याने कसलेही भाष्य केलेले नाही. तो कोणत्या पक्षाचा होता, मोर गेला तेव्हा त्याला काय वाटले, हे सांगणारे त्याचे एकही पत्र उपलब्ध नाही. आश्रयदात्याचा वध करणाऱ्याच्याच पदरी तो राहिला, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना बोचते. पण ज्याने वध करविला त्याच्या संग्रहातच वधलेल्यांचे चेहरे जपले गेले, आणि ते जसेच्या तसे, निर्मळ जपले गेले, हेही विसरता येत नाही.

त्या पानांचा प्रवासही विचित्र झाला. होल्बाइनच्या मृत्यूनंतर ती राजघराण्यात राहिली, मग सरदारांकडे गेली, पुन्हा राजाकडे आली. पहिल्या चार्ल्सने राफाएलच्या एका लहान चित्राच्या बदल्यात ती देऊन टाकली. दुसऱ्या चार्ल्सच्या काळी ती राजसंग्रहात परतली आणि विसरली गेली. १७२७ च्या सुमारास राणी कॅरोलिनला केन्सिंग्टन राजवाड्यातील एका कपाटात ती सापडली. पानांवरील नावे राजपुत्र एडवर्डचा शिक्षक सर जॉन चीक याने ओळखून सांगितली असे परंपरा मानते. त्यांतील काही चुकीची निघाली आहेत, आणि काही चेहऱ्यांना नावच नाही.

राहिला तो बाझलमधील संसार. १५२८ साली होल्बाइन दोन वर्षांच्या रजेवरून परतला, तेव्हा त्याने घर घेतले आणि पत्नी एल्सबेथ व दोन मोठ्या मुलांचे चित्र काढले. ते कागदावर आहे. पुढे आकृतींच्या कडेने कापून लाकडावर चिकटविलेले. एल्सबेथचे डोळे लालसर आणि जड आहेत, मुले वर कुठेतरी पाहत आहेत, तिघांपैकी कुणीही चिताऱ्याकडे पाहत नाही. राणीच्या चेहऱ्याला सामोरे करणाऱ्या हाताने पत्नीच्या चेहऱ्यावर कसलाही मुलामा दिला नाही. चार वर्षांनी तो पुन्हा गेला. १५३८ मध्ये तो भेटीस आला, तेव्हा नगराने मोठे वर्षासन देऊ करून त्याला परत बोलाविले, पण तो परतला नाही.

१५४३ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेला लंडनमध्ये त्याने मृत्युपत्र केले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपूर्वी तो वारला. तेव्हा लंडनमध्ये प्लेगची साथ होती, आणि त्यातच तो गेला असे परंपरा सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्याची कबर कुठे आहे, हे कुणाला ठाऊक नाही. राजाच्या चिताऱ्याचे ते मृत्युपत्र अगदी थोडक्यात आहे. आपले सामान आणि घोडा विकून देणी फेडावीत. आणि इंग्लंडमध्ये दाईपाशी असलेल्या आपल्या दोन मुलांच्या पोषणासाठी दरमहा ७ शिलिंग ६ पेन्स द्यावेत. मुलांची नावे त्यात नाहीत, त्यांच्या आईचेही नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी आउग्सबुर्गला एका बापाने रुप्याची लेखणी घेऊन आपल्या दोन मुलांना समोर बसविले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर त्यांची नावे लिहिली होती. त्यांतील धाकट्याने पुढे एका राज्याचे चेहरे कागदावर आणले. लंडनमधील त्या दोन मुलांचा कागद मात्र कुठेही सापडलेला नाही.